ग्रामसभेत आरोग्याचा ठराव मांडायचाय. नेमकं काय मागावं?

कपाशीवाला (११ जानेवारी, रात्री ९.५०)

मंडळी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आरोग्याचा एक ठराव मांडायचा विचार आहे. 'गावाला चांगल्या आरोग्यसेवा मिळाव्यात' असा गुळमुळीत ठराव नको. तो दरवर्षी होतो आणि वहीतच राहतो. असं काही हवं की ज्याला कोणाला तरी उत्तर देणं भाग पडेल. त्यासाठी तुमची डोकी उसनी हवीत.

झालं ते असं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, हजार-बाराशे वस्ती. नोव्हेंबरच्या शेवटी मोठ्या काकांच्या छातीत रात्री दीडला दुखायला लागलं. १०८ चाळीस मिनिटांत आली, त्याबद्दल तक्रार नाही. तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, तिथून यवतमाळ, दोन दिवसांनी अँजिओप्लास्टीसाठी नागपूर. नागपूरचा दवाखाना खाजगी, पण सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतला. दारातच भलामोठा फलक. मी निश्चिंत.

खिडकीवर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, रेशनकार्ड दिलं. त्याने बारा अंकी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. काकूचं नाव होतं, काकांचं नव्हतं. गेल्या वर्षी चुलतभावाने कार्ड वेगळं करायला दिलं होतं, तेव्हा तहसीलमध्ये कोणीतरी मुलाऐवजी बापाचंच नाव कमी केलं. वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. एक माणूस कमी व्हायचा होता, एक कमी झाला, धान्याचा हिशेब बरोबर! भावाचं नवं कार्ड का अडलंय तेही त्याच दिवशी कळलं.

दवाखाना म्हणाला, चाळीस हजार भरा, योजना लागली की परत मिळतील. घरात अठरा क्विंटल कापूस होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, नोंदणी झाली होती, नंबर यायचा होता. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११०. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला फोन केला तर तो म्हणे, "सगळाच देत असशील तर आत्ता गाडी घेऊन येतो, सहा क्विंटलसाठी परवा." ६९०० ने सगळा दिला.

तीन दिवसांनी नाव चढलं, योजना लागली, डिपॉझिट परत मिळालं. आधीच्या तपासण्यांचे अकरा हजार नाही मिळाले. काका आता ठणठणीत आहेत, अंगणात बसून वांग्याच्या भाजीत तेल कमी का म्हणून भांडतात. काकू सगळ्यांना सांगते, ऑपरेशन फुकट झालं. म्हणून हा धागा.

वऱ्हाडी_ठेचा

बावा, ठरावाची आमच्या गावात काई कमी नाई. दोन ऑक्टोबरले दारूबंदीचा ठराव झाला. ज्यानं हात वर केला त्याले संध्याकाळी घरी न्यायले दोन माणसं लागले. तुमच्या ठरावाले अनुमोदन हाय, पण दवाखान्याचा ठराव करून रायले तं आधी सभेले माणसं आना.

आकडेमोड

८११० वजा ६९०० = १२१०. गुणिले अठरा = २१,७८०. वर अकरा हजार. म्हणजे फुकट ऑपरेशन ३२,७८० ला पडलं. नागपुरातला मुक्काम, जेवण आणि तुमची बुडालेली वेचणी यात धरलेली नाही.

नागपुरी_संत्रा

काका बरे झाले, आनंद आहे. पण थोडं कडू बोलतो. सरकारी योजनेवर विसंबून राहणं हीच मूळ चूक आहे. आरोग्य विमा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झालाय. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांच्या वर थांबवता येत नाही, हा नियमही आला. पासष्टच्या वरच्यांना पॉलिसीच नाही ही अटही गेली. मोबाईलला रिचार्ज मारतो, लग्नात डीजे लावतो, मग वर्षाचा हप्ता जड का व्हावा?

पऱ्हाटी

@नागपुरी_संत्रा, दादा, तुमचा हप्ता कोणत्या महिन्यात येतो? आमच्याकडे पैसा दिवाळी ते होळी असतो. जूनमध्ये बियाणं, जुलैत खत, ऑगस्टात फवारणी. त्या तीन महिन्यांत हप्त्याची तारीख आली तर हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला की पॉलिसी गेली.

दुसरं, पॉलिसी काढायला मी खरोखर गेले होते. आई ६१, सासरे ६८, दोघांना शुगर. दोघांचा मिळून जो आकडा सांगितला तो आमच्या तीन एकरांच्या सोयाबीनच्या नफ्यापेक्षा जास्त होता. नफा झाला त्या वर्षीच्या. एजंट चांगला होता बिचारा. स्वतःच म्हणाला, ताई, राहू द्या.

डीजेचं मात्र खरं आहे. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

वऱ्हाडी_ठेचा

डीजेवर धागा काढसान तं माह्या लग्नाचा फोटो टाकू नका कोनी.

गावची_आशा

कपाशीवाला दादा, तुमच्या काकांचं जे झालं ते माझ्या गावात निदान वीस घरांत व्हायचं बाकी आहे. फक्त कोणाच्या छातीत दुखलं नाही म्हणून कळलं नाही.

मी आशा कार्यकर्ती आहे, कार्डाच्या कॅम्पला दरवेळी मलाच बसवतात. सांगते काय काय अडतं ते. सगळ्यात जास्त अडतात नव्या सुना. लग्नाला चार वर्षं झाली, दोन लेकरं झाली, नाव अजून माहेरच्या कार्डात. माहेरचे काढत नाहीत कारण धान्य कमी होतं, सासरचे घालत नाहीत कारण तहसीलला दोन खेपा पडतात. अन् लेकरांचं नाव कुठल्याच कार्डात नाही. मग बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

मग अंगठे. बाया दिवसभर कापूस वेचतात, बोंडांच्या टोकांनी बोटांची सालं निघालेली असतात. मशीनवर अंगठा उमटतच नाही. एका म्हातारीने मशीनलाच नमस्कार केला, म्हणे आता तरी घे बाबा.

आणि हातातल्या मोबाईलला आधार जोडलेलं नसतं. ओटीपी जातो त्या नंबरवर, जो नंबर पोराने पुण्याला नेला.

योजना वाईट नाही. माझ्याच नणंदेची पिशवी काढायचं ऑपरेशन झालं. पण 'कार्ड वाटप' झालं म्हणून फोटो निघतो त्या दिवशी मला माहीत असतं की कोण कोण राहिलं.

पांढरं_कार्ड

थोडा इतिहास, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ दिसतोय.

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले त्यात गडचिरोली आणि अमरावती. २१ नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात. तेव्हा दीड लाखांचं कव्हर, ते पिवळ्या आणि केशरी कार्डाला. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान २०१८ ची, तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून केलेली. २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात.

गंमत पांढऱ्या कार्डाची. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढरं कार्ड असलं तरी योजना लागू होती. सात-बारा दाखवायचा. विदर्भातले सहा त्यात: अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा. माझं घर वर्धा नदीच्या चंद्रपूरच्या काठाला, मामाचं पलीकडे यवतमाळात. तीच कपाशी, तीच बोंडअळी, तोच सावकार. मामाला योजना होती, आम्हाला नव्हती. नदी ओलांडली की गरिबी बदलते असं कोणाला वाटलं असेल कोण जाणे.

जुलै २०२४ पासून मात्र कार्ड कोणत्याही रंगाचं असो, पाच लाखांपर्यंत कव्हर, कुटुंबाला वर्षाला. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राचं वेगळं वय वंदना कार्ड, उत्पन्न न बघता. म्हणजे 'सर्वांना कव्हर द्या' असा ठराव केलात तर साहेब म्हणतील, दिलंय की. ठराव तिथेच संपेल.

कपाशीवाला

@पांढरं_कार्ड, हेच हवं होतं, धन्यवाद. म्हणजे भांडण 'कव्हर द्या' याचं नाही, 'दिलेलं पोचवा' याचं आहे.

सातपुड्यातला_एमओ

दोन्हीचं आहे. कव्हर कशाला आहे ते बघा ना.

मी पाच वर्षं मेळघाटात प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो, आता दुसरीकडे आहे. पाच लाखांचं कव्हर भरती झाल्यावरचं आहे. तेही यादीतली ठरावीक ऑपरेशनं आणि उपचार. बीपीची गोळी, शुगरची गोळी, तापासाठी तीनदा मारलेली खेप, हे त्यात नाही. आता तुमच्याच काकांचं घ्या. त्यांना आधी बीपी होतं का? गोळ्या नियमित चालू होत्या का?

माझ्या ओपीडीत एक माणूस यायचा, बारा किलोमीटरवरून. महिन्याच्या गोळ्या संपल्या की यायचा, आमच्याकडे साठा नसला की दहा दिवसांच्या घेऊन जायचा. यायला-जायला ऐंशी रुपये आणि दिवसाची मजुरी. तीनदा असं झालं, चौथ्यांदा आलाच नाही. पुढच्या वर्षी अर्धांगवायू होऊन आला, तेव्हा त्याला पाच लाखांचं कव्हर होतं.

म्हणून माझं मत: ठरावात योजना दुसऱ्या नंबरवर टाका. पहिल्या नंबरवर उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या, एका वेळी महिन्याच्या, आणि साठा संपला की कोणाला कळवलं त्याची नोंद.

काळा_कोट

डॉक्टरसाहेबांशी सहमत. भर घालतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यांना तो निर्णय लागू नाही. म्हणून तालुक्याला पैसे मागत नाहीत आणि मेडिकलला पावती फाडावी लागते. लोक म्हणतात पैसे खाल्ले. काही वेळा खरंच फक्त खातं वेगळं असतं.

दुसरं, धर्मादाय दवाखाने. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड चालतं. योजनेच्या यादीत नसलेल्या आजाराला हा रस्ता आहे. नागपूर-वर्ध्यात असे दवाखाने आहेत, फलकावर ट्रस्टचं नाव वाचा.

तिसरं, कपाशीवाला यांच्यासाठी. तातडीच्या रुग्णाला फोनवर कळवून दाखल करून घ्यायचं आणि कागद मागून द्यायचे, ही सोय योजनेतच आहे. आरोग्यमित्र म्हणाला नाही? त्याच क्षणी योजनेच्या हेल्पलाइनचा १५५३८८ लावायला हवा होता. हा नंबर तुमच्या ठरावापेक्षा जास्त कामाचा आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

कपाशीवाला

@काळा_कोट, नाही म्हणाला. मला माहीत नव्हतं. रात्रीचे साडेतीन होते आणि काकूने माझा शर्ट धरून ठेवला होता. माहीत असतं तरी सुचलं असतं का सांगता येत नाही.

@सातपुड्यातला_एमओ, बीपी होतं. गोळ्या 'बरं वाटतं म्हणून' बंद केल्या होत्या, असं काका म्हणतात. आज तुमचं वाचल्यावर परत विचारलं. म्हणाले, "दोनदा गेल्तो, भेटल्या नाईत. मंग म्हनलं बरंच हाय."

सातपुड्यातला_एमओ

हो. असंच असतं.

नागपुरी_संत्रा

ठीक आहे, विम्याचं मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं. पण एक प्रश्न. खाजगी दवाखाने योजनेच्या पेशंटला टाळतात असं सगळे म्हणतात. माझा मेहुणा एका दवाखान्यात हिशेब बघतो. तो सांगतो, पॅकेजचे दर कमी आणि बिलं महिनोन्‌महिने अडकतात. मग त्यांनी तरी काय करावं? धर्मशाळा काढलेली नाही.

मोर्शीची_लेक

मग फलक काढा. फलक लावून पेशंट बोलवायचा आणि आत गेल्यावर बिलं अडकतात म्हणायचं, हे कसं चालेल?

माझा अनुभव उलटा आहे, तोही सांगते. पुतणी अंगणवाडीत असताना शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकाने हृदयात छिद्र असल्याचं सांगितलं. आम्हाला वाटलं पोरगी दम लागतो म्हणून आळशी आहे. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही, दवाखाना खाजगीच होता. आता ती सहावीत आहे आणि खो-खोत तिला कोणी धरू शकत नाही. त्यामुळे सगळं बोगस आहे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

लोकांचा_माणूस

पुतणीचं ऐकून बरं वाटलं. तरी माझा मूळ आक्षेप आहे. ज्या पैशात तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं असतं तो पैसा योजनेच्या नावाने नागपूरच्या खाजगी दवाखान्यात जातो. आमच्या तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझर होत नाही, सिझर होत नाही म्हणून बाई जिल्ह्याला. मग लोक म्हणतात सरकारी वाईट. वाईट ठेवलं म्हणून वाईट.

मोर्शीची_लेक

पटतं. पण भूलतज्ज्ञ येईपर्यंत पुतणीने थांबायचं होतं का? दोन्ही मागा की.

वर्धेकर

विमा आणि गाव हे शब्द एकत्र आले म्हणून ज्वारीची आठवण झाली. नव्या लोकांना माहीत नसेल.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. सुगीच्या वेळी, म्हणजे घरात दाणा असताना, ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी, आणि दवाखान्यात खाट सगळ्यांना सारखी. एकट्या-दुकट्याला सामील होता येत नसे, गावातली बहुतेक घरं आली पाहिजेत, तरच गाव योजनेत. त्यामुळे गावातच एकमेकांना धरून आणायचे.

वर पऱ्हाटीताईंनी हप्त्याच्या महिन्याचं म्हटलं ना, ते त्या लोकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. हप्ता सुगीला आणि ऐपतीप्रमाणे. मी लहान होतो, वडील डोक्यावर पोतं घेऊन गेलेले आठवतात. आजी पुटपुटत होती, आजारी नाही कोणी अन् ज्वारी कशाला. त्याच उन्हाळ्यात तिला साप चावला. पुढे ती दर सुगीला स्वतः चाळून, खडे काढून ज्वारी द्यायची.

वऱ्हाडी_ठेचा

आता ज्वारी कोन पेरून रायलं बावा? रानडुकरं ठेवत नाईत. सोयाबीन घेत असन दवाखाना तं सांगा, ते तसंबी कोनी घेत नाई.

आकडेमोड

एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला, २०२५ च्या खरिपात गेला. जे फुकट येतं ते कोणाच्या तरी एका सहीने जातं. ज्वारीवाल्या योजनेत निदान लोक म्हणू शकत होते, आमचं पोतं परत द्या.

हुरडाप्रेमी

अवांतर: ज्वारीचा विषय निघालाच आहे तर वर्धा-यवतमाळ भागात हुरडा कोणाकडे मिळेल? पाहुणे यायचेत.

पऱ्हाटी

घ्या! इथे माणसं मरतात आणि यांना हुरडा. (पांढरकवड्याच्या रस्त्याला विचारा, मिळतो.)

पर्लकोटेकाठी

मी गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. तुमची चर्चा वाचतोय, चांगली चालली आहे. पण आमच्याकडून बघा एकदा.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. कधी एक दिवस, कधी चार. आतल्या पाड्यांना तर नाल्यावरून खाटेची कावड करूनच बाई आणावी लागते. तिला आयुष्मान कार्ड आहे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेलं असतं, ते भिजत नाही. हेमलकशाचा दवाखाना आहे म्हणून आमची कितीतरी माणसं आहेत. पण १९७३ मध्ये कोणी येऊन झोपडीत दवाखाना काढला नसता तर काय, हा प्रश्न सरकारला विचारायचा की नाही?

लोकसंख्येचा नियम डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना एक आरोग्य केंद्र, तीन हजारांना एक उपकेंद्र असा आहे. मैदानात तीस आणि पाच. कागदावर आम्हाला सवलत आहे. पण तीन हजार माणसं आमच्याकडे किती जंगलात पसरलेली असतात ते डोक्याने मोजून कळत नाही, पायाने कळतं.

आणि सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. माझ्या वर्गात दोन मुलं आहेत. त्यांना ऑपरेशन नको, त्यांना दर महिन्याला गोळी, वेळेवर रक्त आणि दुखायला लागलं की त्या रात्री कोणीतरी हवं. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सिकलसेल आहे, पण प्रमाणपत्राला जिल्ह्याला जावं लागतं, गडचिरोली १७० किलोमीटरच्या आसपास. एका पोराचा बाप म्हणाला, गुरुजी, आजाराचा दाखला काढायला आजारी पोराला एवढं न्यायचं?

ठराव कराल तेव्हा 'अंतर' हा शब्द टाका. पैशात मोजलेलं कव्हर आम्हाला अर्धंच लागू होतं.

लोकांचा_माणूस

गुरुजी, सलाम. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

खामगावचा_खवय्या

आकडेमोडच्या हिशेबात एक दुरुस्ती. सीसीआय सगळ्यांना पूर्ण ८११० देत नाही. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर घेतच नाही. नोव्हेंबरच्या कापसात ओलावा असणारच. त्यामुळे तोटा २१,७८० पेक्षा थोडा कमी धरा.

आकडेमोड

मान्य. दहा टक्के ओलावा धरून दोन टक्के कापतो. ७९४८ च्या आसपास. तोटा अठरा-एकोणीस हजार. काकूला सांगू नका, ती अजून फुकटच समजते.

कपाशीवाला (१७ जानेवारी)

मंडळी, परत मुद्द्यावर येतो. तुमचं सगळं वाचून ठराव लिहायला घेतला तर दोन पानं झाली. सरपंचाला दाखवला. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, म्हणाला, "हे वाचस्तोवर लोकं उठून जातील." मग कमी केलं. भूलतज्ज्ञ, योजनेचे दर, औषधखरेदी हे सगळं खरं आहे, पण आमच्या ग्रामसभेच्या कागदाला मुंबईत कोण उत्तर देणार? तालुका-जिल्ह्याच्या आवाक्यातलं ठेवलं.

आता राहिलंय ते असं. गावच्या उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या एका वेळी महिन्याच्या द्याव्यात आणि साठा संपल्याची तारीख दारावर लिहावी. पुरवठा विभागाच्या माणसाने एक दिवस गावात बसून नावं चढवणं-उतरवणं जागेवर करावं, तहसीलला खेपा नकोत. आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच योजनेची पात्रता तपासून द्यावी, म्हणजे नागपूरला पोचल्यावर स्क्रीन वळवून दाखवायची वेळ येणार नाही. अंतराचं वाक्य गुरुजींचं तसंच ठेवलंय.

आणखी काही?

गावची_आशा

दोन गोष्टी. ठरावाला घरांची यादी जोडा. 'अनेक कुटुंबे वंचित' असं लिहू नका, साहेब लोक 'अनेक' वाचून पुढे जातात. घर नंबर, कोणाचं नाव नाही, का नाही. वही घेऊन दोन दिवस फिरलात तर होतं. मी माझ्या गावाची केली, सत्तेचाळीस नावं निघाली. पैकी एकोणीस सुना.

आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका. बायांना आधी कळलं तर त्या सभेला येतात.

काळा_कोट

यादी हे उत्तम. तिच्यात आधार नंबर मात्र लिहू नका. प्रत रुग्ण कल्याण समितीला, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना द्या. पोच घ्या, पोचेशिवाय परतू नका.

नागपुरी_संत्रा

यादी संगणकावर करायची असेल तर मला पाठवा, मी एका रात्रीत करून देतो. बोललो ते कडू होतं, त्याची भरपाई समजा.

वऱ्हाडी_ठेचा

संत्रा पिकलं म्हना की.

कपाशीवाला (१ फेब्रुवारी)

झालं ते सांगतो. २६ तारखेला गणपूर्ती झाली नाही. शंभर लागतात, बासष्ट आले. त्यातले चाळीस झेंड्याच्या बुंदीसाठी. सभा तहकूब. ठेचाभाऊ, तुमची जीभ काळी आहे.

३० ला परत घेतली. या वेळी आदल्या दिवशी महिला सभा खरोखर घेतली. दुसऱ्या दिवशी बायाच सत्तरच्या वर. आमची यादी छत्तीस नावांची. ग्रामसेवक म्हणाले यादी वाचायची गरज नाही, सोबत जोडू. मागून एक म्हातारी म्हणाली, "वाचा, माही सून त्यात हाय का नाई ते मले पाह्यचं हाय." मग सगळी वाचली. वाचता वाचता आणखी पाच नावं निघाली. काका समोरच बसले होते, आता चढलेलं पण दाखला म्हणून यादीत ठेवलेलं स्वतःचं नाव आलं तेव्हा उभे राहिले, जसं शाळेत हजेरीला राहतात तसे.

ठराव मंजूर. गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्राने 'मागणी पाठवली आहे' असं तोंडी सांगितलंय, लेखी मागितलंय. ग्रामीण रुग्णालयाचं उत्तर नाही. तहसीलदारांना प्रत दिली, पोच घेतली, आणि पुरवठा निरीक्षक १२ फेब्रुवारीला गावात बसायला तयार झालेत. आयुष्मानच्या ई-केवायसीचा कॅम्पही त्याच दिवशी लावतोय.

आशाताई, एक विचारायचं राहिलं. वेचणी अजून चालू आहे, बायांचे अंगठे उमटणार नाहीत. चेहऱ्याने होतं म्हणतात, ते खरंच होतं का?

गावची_आशा

होतं. पण उजेड लागतो. समाजमंदिरात बसवू नका, तिथे अंधार असतो. मारुतीच्या पाराजवळ टेबल टाका, सकाळी अकराच्या आत.

कपाशीवाला

पाराजवळच टाकतो.